'काही' आणि 'सर्व'

माझ्या एका विद्यार्थ्याने कवितांची वही पुढे केली आणि विचारले, ''सर, माझ्या कवितेत शिवी नाही. मग ती दलित कविता ठरेल काय?'' हा प्रश्न त्या मुलाचा नव्हे. समीक्षेने तो त्याच्या तोंडी घातला आहे.

त्यामागचे अनुमान पाहा. सर्व दलित कवितांत शिवी असते, हिच्यात नाही, म्हणून ही दलित कविता नव्हे. अनुमानाचा आकार निर्दोष आहे. खोटे आहे ते पहिले विधान. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'त (१९७२) मुंबईच्या वेश्यावस्तीची भाषा आली आणि त्या एका संग्रहावरून अनेकांनी साऱ्या दलित कवितेचे माप काढले. 'काही'चे 'सर्व' झाले. दया पवारांच्या 'बलुतं'नंतर (१९७८) गद्याचेही तेच झाले : दलित गद्य म्हणजे आत्मकथन आणि आत्मकथन म्हणजे रडगाणे. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' (१९५९) ही कादंबरी आहे. तिचा नायक रडत नाही, लढतो. 'सर्व' म्हणणारे विधान पाडायला असे एक उदाहरण पुरते.

दुसरी चूक उलटापालटीची. दलित साहित्यात वेदना असते, हे घटकाभर मान्य करू. त्यावरून जिथे वेदना तिथे दलित साहित्य, हे निघत नाही. सर्व कावळे काळे, म्हणून सर्व काळे पक्षी कावळे होत नाहीत. या उलटापालटीने कोणाचेही दुःख 'दलित' ठरते आणि जातीचा प्रश्न हळूच बाजूला सरतो.

पण आपणही निर्दोष नाही. 'लेखक सवर्ण, म्हणून लेखन खोटे' असे व्यासपीठावरून मीही बोललो आहे. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये (१९८६) आपल्याच घरांतला स्त्रियांवरील जुलूम मांडला. असे लिहिणे म्हणजे चळवळीविरुद्ध लिहिणे, असे मानणारे शोषित आणि शोषक हे दोन बंद डबे समजतात. एका नात्यात शोषित असलेला माणूस दुसऱ्या नात्यात शोषक असू शकत नाही, हे कोणत्या नियमाने ठरले?

हा तर्कशास्त्राचा खेळ नव्हे. माणूस जन्मण्याआधीच त्याच्या गटावरून त्याची लायकी ठरवायची, या चुकीवरच जात उभी आहे. ज्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सोसली, त्यांच्या लेखणीत ती असता कामा नये.

वही परत करताना मी त्याला एवढेच म्हणालो, ''ते पहिले विधान कोणी केले, हे आधी विचार.''