फर्ग्युसन नावाचा वाटाड्या

मार्क ट्वेनच्या ‘द इनोसन्ट्स अब्रॉड’ या पुस्तकाची स्तुती बहुधा एकाच मुद्द्यावर होते. जुन्या युरोपापुढे मान तुकवण्याची जी सक्ती प्रवासी स्वतःवरच करून घेतो, तिची ट्वेनने यथेच्छ टर उडवली, असे म्हटले जाते. ते खरेच आहे. पण ही टर उडवताना त्याने समोर कोणाला उभे केले, हे पाहण्यासारखे आहे. तिथे ना कुणी सरदार आहे, ना कलेचा पंडित. तिथे रोजावर गाव दाखवणारा गाईड आहे. या गाईडला मध्यभागी ठेवून पुस्तक वाचले तर त्याची चव बदलते. त्याच लेखकाच्या तीस वर्षांनंतरच्या मुंबईच्या पानांपर्यंत ती चव कशी टिकते आणि कुठे बिघडते, हे या लेखात पाहायचे आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. ८ जून १८६७ रोजी ‘क्वेकर सिटी’ नावाची आगबोट न्यूयॉर्कहून निघाली. माल किंवा टपाल पोचवण्यासाठी ती निघाली नव्हती. निव्वळ सहलीसाठी माणसे घेऊन भूमध्य समुद्रात फिरून यायचे, अशी योजना होती. आजच्या क्रूझची ही आजी म्हणता येईल. भाडे १,२५० डॉलर. ट्वेन तेव्हा ३१ वर्षांचा होता आणि त्याचे भाडे सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘आल्टा कॅलिफोर्निया’ या वृत्तपत्राने भरले होते. त्याने तिकडून पाठवलेल्या पत्रांचे १८६९ मध्ये पुस्तक झाले आणि ते तुफान खपले.

बंदर आले की उतरायचे, शहर पाहायचे, बोटीवर परतायचे. कधी आगगाडीने आतवर जायचे आणि पुढच्या बंदरात बोट गाठायची. या रचनेत गाईड अपरिहार्य होता. पॅरिसमध्ये तीन उमेदवारांतून ट्वेनच्या टोळीने एकाला निवडले. त्याचे नाव निघाले बिलफिंगर. टोळीचा हिरमोड झाला. फ्रेंच गाईडचे नाव कसे झोकदार हवे! मग सर्वानुमते त्याचे नाव फर्ग्युसन ठेवण्यात आले. आपल्याकडच्या वाचकाला हे नाव ऐकून पुण्यातले कॉलेज आणि ज्याच्या नावाने ते १८८५ मध्ये निघाले तो मुंबईचा गव्हर्नर आठवेल. ट्वेनच्या टोळीला मात्र या नावात फक्त सोय दिसली. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. पुढच्या प्रत्येक गावातला प्रत्येक गाईड फर्ग्युसनच झाला. परक्यांची नावे आम्हाला पेलत नाहीत, हे त्यामागचे कारण ट्वेन अगदी मोकळेपणाने सांगतो.

हा फर्ग्युसन मंडळींना लूव्हर दाखवायला निघतो आणि रेशमाच्या दुकानापुढे गाडी थांबवतो. पुन्हा निघतो, पुन्हा रेशमाचे दुकान. त्याला तिथे दलाली मिळते. हा भाग वाचताना आजही हसू येते, कारण ज्याने कधी सहलीच्या बसने प्रवास केला आहे त्याने हे दुकान पाहिलेले असते. कधी ते गालिच्याचे असते, कधी संगमरवराचे, कधी ‘सरकारमान्य’ हस्तकलेचे. १८६७ पासून दुकानातला माल तेवढा बदलला.

पुस्तकातला सर्वांत गाजलेला प्रसंग मात्र जिनोआचा आहे. गाईड उत्साहाने मंडळींना घाईघाईने नेतो आणि कोलंबसने स्वतःच्या हाताने लिहिलेले पत्र दाखवतो. टोळीतला डॉक्टर ते थंडपणे न्याहाळतो आणि अक्षर अगदीच सुमार असल्याचा निर्वाळा देतो. पुढे कोलंबसचा अर्धपुतळा दाखवला जातो, तेव्हा हा मनुष्य मेला आहे का, अशी चौकशी होते. गाईड हवालदिल होतो. ट्वेन सांगतो की गाईडला लोकांचे आश्चर्य पाहण्याचे व्यसन जडलेले असते, म्हणून आम्ही कशाचेही आश्चर्य दाखवायचे नाही असे ठरवले.

विनोद म्हणून हे उत्तम जमले आहे. पण एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. जिनोआच्या नगरपालिकेकडे कोलंबसची पत्रे खरोखरच आहेत आणि ती आजही जपून ठेवलेली आहेत. म्हणजे पवित्र खिळे, काट्यांचे मुकुट आणि संतांची हाडे गावोगावी दाखवली जाण्याच्या त्या प्रवासात (त्यांची ट्वेनने केलेली थट्टा रास्तच आहे) या एका गाईडने एक अस्सल चीज समोर ठेवली होती. तो खरे बोलत होता. विनोदाला त्याच्या खरेपणाशी कर्तव्य नव्हते. त्याचा उत्साह तेवढा हवा होता.

ट्वेनचा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गाईडला सगळे तोंडपाठ असते, तो पोपटासारखे बोलतो, मध्येच कोणी तोडले तर त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. निरीक्षण अचूक आहे. निष्कर्ष मला पटत नाही. कीर्तनकाराचे आख्यान तोंडपाठ असते, शाहिराचा पोवाडा तोंडपाठ असतो. तिथे आपण पाठांतराला मौखिक परंपरा म्हणतो आणि त्यावर प्रबंध लिहितो. गाईडचे पाठांतर मात्र पोपटपंची! बोटीवरून आलेल्या माणसांना काही तासांत अख्खे शहर ऐकवायचे, आणि तेही परक्या भाषेत. त्यांचे लक्ष कुठे सुटते, कुठे हशा येतो, कुठल्या सनावळीवर जांभई येते, हे शेकडो टोळ्यांवर तपासून ते निवेदन घासूनपुसून तयार झालेले असते. त्यात खोटेही शिरते. श्रोत्यांनी ज्यावर टाळ्या दिल्या ते त्यात टिकते. हीच तर मौखिक वाङ्मयाची प्रक्रिया.

शिवाय वेळ त्याच्या हातात नसते. आजच्या क्रूझवर हे उघडच दिसते. बोटीच्या कार्यालयातून विकत घेतलेल्या सहलीची बस उशिरा परतली तर बोट तिच्यासाठी थांबते. जो आपला आपण गावात भटकायला गेला त्याच्यासाठी थांबत नाही. या एका हमीवर बोटीच्या महागड्या सहली खपतात. प्रवाशाच्या छातीवर बसचा नंबर चिकटवलेला, गाईडच्या हातात तोच नंबर लिहिलेली पाटी आणि दोघांच्याही डोक्यावर घड्याळ. अशा वेळी गाईडने उत्स्फूर्त बोलावे ही अपेक्षा आगगाडीने मन मानेल तिथे थांबावे अशातली आहे.

कॉन्स्टॅन्टिनोपलचा गाईड हा मला या पुस्तकातला सर्वांत मोठा माणूस वाटतो. त्याला तिकडे ‘फार-अवे मोझेस’ म्हणत. हेही घरचे नाव नसणार, धंद्याचेच. ढगळ विजार, टोकदार जोडे, लाल फेझ टोपी, रेशमी जाकीट, कमरेला शस्त्रे, असा नखशिखान्त सजून तो येतो. त्यालाही फर्ग्युसन म्हटले जाते. हा मात्र इतरांसारखा निमूट राहत नाही, त्याला तो अपमान वाटतो. ट्वेन हे टिपतो, त्यावरही विनोद करतो आणि पुढे जातो. पण टिपतो, हे महत्त्वाचे. साऱ्या फर्ग्युसनांच्या गर्दीत हा एकटा स्वतःच्या नावासाठी अडून बसलेला आहे आणि लेखकाला ते लपवता आलेले नाही.

याउलट अथेन्सचा प्रसंग. साथीच्या भीतीने बोटीला क्वारंटाइन लागले होते. ट्वेन आणि तिघे जण रात्री चोरून पिरेयसला उतरले आणि चांदण्यात ॲक्रोपोलिस पाहून आले. गाईड नाही, गर्दी नाही. पुस्तकातली ही सर्वांत सुंदर पाने समजली जातात आणि गाईडविना प्रवास म्हणजे खरा प्रवास, या मताच्या पुष्टीसाठी ती हमखास पुढे केली जातात. पाने सुंदर आहेतच. पण त्यांत जिवंत अथेन्सकर किती आहेत ते पाहावे. पहारेकरी, द्राक्षे चोरल्याबद्दल मागे लागलेले मळेवाले आणि भुंकणारी कुत्री. बाकी सगळे अथेन्स ट्वेनने घरूनच, शाळेच्या पुस्तकांतून, बरोबर आणलेले आहे. गाईड गेला की त्याच्याबरोबर गावही जाते.

बोटीच्या मुक्कामांवर लिहिणाऱ्यांत ट्वेन पहिला नव्हे. त्याच्याआधी थॅकरे १८४४ मध्ये पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींनी लिस्बनपासून कैरोपर्यंत हिंडून आला होता आणि त्याचे पुस्तक १८४६ मध्ये निघाले. दीडशे वर्षांनी डेव्हिड फॉस्टर वॉलेसने कॅरिबियन क्रूझवर ‘हार्पर्स’ मासिकात प्रदीर्घ निबंध लिहिला. त्यात बंदर आल्यावर लेखक बोटीच्या कठड्यावरूनच उतरणाऱ्या सहप्रवाशांकडे पाहतो. गाईड आणि गाव त्याच्या निबंधाच्या परिघाबाहेरच राहतात. या तिघांत एक मौजेचे साम्य आहे. थॅकरेला कंपनीने फुकट नेले, ट्वेनला वृत्तपत्राने, वॉलेसला मासिकाने. पदरचे भाडे भरणारा प्रवासी गाईडकडून काहीतरी घेऊन परतू पाहतो. वर्णनासाठी गेलेल्याला मात्र गाईड हा प्रतिस्पर्धी वाटत असावा. दोघांचा धंदा एकच, शहर शब्दांत सांगण्याचा.

आता मुंबई. जानेवारी १८९६ मध्ये ट्वेन सिलोनहून बोटीने इथे उतरला. या वेळी तो सहलीवर नव्हता. अक्षरजुळणीच्या यंत्रात पैसा बुडाला होता, दिवाळे निघाले होते आणि देणी फेडण्यासाठी साठाव्या वर्षी तो व्याख्याने देत जगभर फिरत होता. मुक्काम वॉटसन्स हॉटेलात. या प्रवासाचे ‘फॉलोइंग द इक्वेटर’ हे पुस्तक १८९७ मध्ये आले.

मुंबईच्या पानांत जुनी खोड लगेच दिसते. मॅन्युएल नावाच्या नोकराला काढल्यावर दुसरा येतो आणि त्याचे नाव ट्वेन ‘सैतान’ ठेवतो. या सैतानावर त्याचा जीव आहे, त्याच्यावर लिहिलेला मजकूर प्रेमळ आहे. तरी बिलफिंगरचा फर्ग्युसन करणारा हात तोच.

पण याच पानांत एक दुसरा माणूस भेटतो, आणि तो स्वतःच्या नावाने भेटतो. ट्वेनला जैन मंदिर दाखवायला नेणारा, तिथले सगळे समजावून देणारा हा गृहस्थ म्हणजे गांधी. नाव वाचून दचकायला नको. मोहनदास त्या महिन्यात दक्षिण आफ्रिकेत होते. हे वीरचंद राघवजी गांधी. जन्म महुव्याचा, १८६४ चा. शिक्षण मुंबईत, एल्फिन्स्टन कॉलेजात. १८९३ च्या शिकागो सर्वधर्मपरिषदेत जैन धर्माचे प्रतिनिधी, म्हणजे विवेकानंदांच्याच व्यासपीठावरचे. मोहनदासांच्या आत्मकथेतही ते येतात. दोघांनी मुंबईत आहाराचे प्रयोग बरोबरीने केले होते.

ट्वेन या गांधींचा उल्लेख शिकागोच्या संदर्भासकट करतो आणि त्यांच्या इंग्रजीची मनापासून वाखाणणी करतो. त्यांनी गूढ वाटणाऱ्या गोष्टी स्पष्ट करून सांगितल्या, पण आता त्या मला पुन्हा अंधूक झाल्या आहेत, अशा आशयाची कबुली तो देतो. मग आत्म्याच्या प्रवासाविषयी जे थोडे आठवते ते मांडतो. जिनोआच्या प्रसंगाशेजारी हे ठेवून पाहा. तिथे सांगणारा हास्यास्पद होता. इथे सांगणारा स्वच्छ आहे, कमी पडतो तो ऐकणारा. ट्वेनचा विनोद स्वतःकडे वळला आहे.

वयाने त्याला शहाणपण आले, असा सोपा अर्थ मी काढणार नाही. सैतान त्याच पुस्तकात आहे. फरक परिस्थितीचा आहे. गांधी रोजंदारीवर नव्हते, त्यांना दुकानाची दलाली नव्हती, अमेरिकेत त्यांचे नाव आधीच झालेले होते. ज्याला ट्वेनच्या देशाने ऐकून घेतले होते, त्याचे नाव ट्वेनला पेलले. ‘परकी नावे आम्हाला पेलत नाहीत’ हे १८६७ चे कारण जिभेचे नव्हते, हे इथे उघडे पडते.

आणि योगायोग असा की १८९३ च्या त्याच शिकागो जत्रेत फार-अवे मोझेसही होता. तिथल्या ‘मिडवे प्लेझन्स’ या करमणुकीच्या पट्ट्यात तुर्की गाव उभारले होते, त्यात तो होता. मिडवेवरच्या माणसांच्या छायाचित्रांचा जो संग्रह पुढे छापला गेला त्यात त्याचीही तसबीर आहे, त्याच नावाखाली. एका टोकाला व्यासपीठावरून बोलणारे वीरचंद, दुसऱ्या टोकाला पोशाख करून बसलेला मोझेस. ट्वेनच्या दोन पुस्तकांतले, आपल्या नावाने उरलेले दोन वाटाडे एकाच वर्षी एकाच शहरात पाहुणे होते.

मराठी प्रवासवर्णनांकडे या नजरेने पाहिले तर फार अभिमान बाळगावा असे काही दिसत नाही. ‘आमचा गाईड म्हणाला’, ‘गाईडबाई हसतमुख होत्या’, ‘गाईडने थापा मारल्या’. हॉटेलचे नाव येते, पदार्थांची येतात, सहप्रवासी जोशी-कुलकर्ण्यांचीही येतात. ज्याच्या तोंडून सनावळ्या उतरवून घेतल्या त्याचे नाव क्वचित. दिवाळी अंकांतली प्रवासवर्णने मी वर्षानुवर्षे आवडीने वाचत आलो आहे, म्हणूनच हे बोचते. फर्ग्युसन म्हणण्याचा उद्दामपणा आपण केला नाही. आपण ‘गाईड’ म्हणून भागवले.

खरे तर आपल्याकडे याच्या नेमकी उलट रीत होती. नाशिक-त्र्यंबकला जाणारा यात्रेकरू तीर्थोपाध्यायांच्या घरी उतरे. त्यांच्याकडे नामावळी असत. गाव आणि आडनाव सांगितले की उपाध्ये नेमके बाड काढत आणि पणजोबा कोणाबरोबर आले होते ते वाचून दाखवत. मग नव्याने आलेल्याचा मजकूर त्याच्याच हस्ताक्षरात, सहीसकट, खाली चढे. जुन्या नोंदी मोडीत आहेत. दक्षिणेवरून भांडणे होत, फसवणूकही होई. उपाध्यांविषयीच्या तक्रारी काही नव्या नाहीत. पण दाखवणारा येणाऱ्याचे नाव लिहून ठेवी आणि येणाराही आपले उपाध्ये कोण ते घरी सांगून ठेवी, म्हणून तर पुढच्या पिढीला तेच घर सापडे.

मुंबईत आज बॅलार्ड पियरला क्रूझ लागते तेव्हा प्रवाशांच्या बस गेटवे, महालक्ष्मीचा धोबीघाट, मणिभवन असा फेरा करतात. मणिभवनात त्यांना गांधी दाखवले जातात, ते योग्यच आहे. दुसरे गांधी १९०१ मध्ये याच शहरात, चाळिशीही न गाठता वारले. वॉटसन्स हॉटेलचा बिडाचा सांगाडा काळा घोड्याजवळ मोडकळीस येऊन उभा आहे. ट्वेन इथे उतरला होता, एवढे काही गाईड बसमधून सांगतातही.