न ऐकलेली कैफियत
'अल्ट्रासेव्हन' या जपानी दूरचित्रमालिकेतील (१९६७-६८) महाकाय वीराच्या झुंजी मौजेच्या खऱ्या. परंतु ४२ व्या भागापाशी वकिली मन अडते. सागरतळीचे नॉनमाल्ट म्हणतात, पृथ्वीचे मूळ धनी आम्ही. मानवाने आम्हांस हुसकून लावले. हल्ला त्यांनी आधी केला, हे मान्य. पण दाव्याची शहानिशा? कप्तान किरियामा क्षणभर घुटमळतो, त्यांचे नगर उडवितो आणि समुद्रही आपलाच झाला म्हणून हर्षतो. प्रतिवादीच न्यायाधीश! नायक दान परग्रहावरचा. त्याच्या देशी पृथ्वीवासीयांनाच 'नॉनमाल्ट' म्हणतात. असा मातबर साक्षीदार गप्प राहून झुंजतो, हे लेखक किन्जो तेत्सुओ यांचे खरे धाडस. ते वाढले ओकिनावात, जिथे अमेरिकेचा अंमल १९७२ पर्यंत होता. नॉनमाल्टांचे वकीलपत्र घेतलेला बालक तर अखेरीस केव्हाच मृत झालेला निघतो.