परतीची छत्री

चालकविरहित लढाऊ विमान म्हटलं की डीआरडीओचं ‘स्विफ्ट’ आठवतं. त्याला शेपूट नाही, आणि धड कुठे संपून पंख कुठे सुरू होतो ते कळत नाही. १ जुलै २०२२ला ते चित्रदुर्गच्या चाचणी तळावर पहिल्यांदा उडालं. देखणं आहे, पण अशा देखणेपणाला दाद द्यायला रसिकता लागत नाही. मला खिळवून ठेवतात ती महाराष्ट्रातली दोन साधी यंत्रं.

पहिलं आमच्या शेजारचं. नवीन पनवेलकरांनी ठाण्याची लोकल धरून कोपरखैरणेला उतरावं, तिथून महापे रिक्षाच्या अंतरावर. तिथल्या आयडियाफोर्जचं ‘स्विच’ लढत नाही, टेहळणी करतं. प्रत्यक्ष परिस्थितीतल्या चाचण्यांत ते एकटंच टिकलं आणि जानेवारी २०२१मध्ये लष्कराची मागणी मिळाली. जागच्या जागी उभं उठायचं, मग पंखांवर उडत राहायचं. डोंगरकड्यावर धावपट्टी कुठून आणणार? उभं उठण्याची सोय वजन खाते. तरी सुमारे ६.५ किलोंत दोन तासांचं उड्डाण बसवलं आहे.

दुसरं नागपूरचं, ‘नागास्त्र-१’. सोलर समूहाच्या इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्हजने बंगळुरूच्या झेड-मोशनबरोबर ते घडवलं. इस्रायल आणि पोलंडच्या स्पर्धकांना मागे टाकून ४८० नगांची मागणी मिळवली. १२० नगांची पहिली खेप जून २०२४मध्ये लष्कराकडे गेली. हे लक्ष्यावर जाऊन आदळणारं, म्हणजे मरायलाच निघालेलं यंत्र. वजन ९ किलो, त्यातली स्फोटकं फक्त एक किलो. उरलेल्या आठ किलोंत बॅटरी, कॅमेरा, कमी आवाज करणारी विजेची मोटर आणि, रचनेचं मर्म तिथेच आहे, एक हवाई छत्री.

लक्ष्य सापडलं नाही, किंवा मोहीम रद्द झाली, तर छत्री उघडून ते हळुवार खाली येतं आणि पुन्हा वापरता येतं. जेमतेम अर्ध्या तासाच्या उड्डाणात ग्रॅम-ग्रॅमचा हिशेब असताना रचनाकाराने न आदळण्यासाठी वजन राखून ठेवलं. हिशेबी माणूस म्हणेल, पैसे वाचवण्यासाठी. असेलही. पण पडद्यासमोर बसलेल्या जवानाला समोरचं दृश्य खटकलं, तर थांबण्याची किंमत त्यामुळे कमी होते. ‘स्विच’ला परत यावंच लागतं. ‘नागास्त्र’ला ती सक्ती नाही, तरी सोय आहे, म्हणून माझ्या लेखी दोघांत ‘नागास्त्र’ची रचना सरस.