बेने इस्राएलांची मराठी

लोट्याहून उत्तरेस महाड-माणगाव ओलांडून रोह्याकडे वळले की अष्टमी लागते. पुढे अलिबागच्या अंगाला झिराड, किहीम, चौल. या गावांवरून अष्टमकर, झिराड, किहीमकर, चेऊलकर अशी आडनावे झाली, आणि ती लावणारी माणसे ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून कोकणाने त्यांना शनवारतेली म्हटले. त्यांचे तेल आपल्याला आठवते, वाङ्मय आठवत नाही. आपल्या वाङ्मयेतिहासात त्यांची जागा शोधू लागले, की माझ्यासारख्या शाळामास्तराला राग येतो.

१८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची ‘हगादा’ हिब्रू व मराठी अशी छापली गेली. परंतु या समाजाची खरी करामत पुढची. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर प्रभृतींनी चक्क कीर्तन उचलले. साकी, दिंडी, ओवी सारे आपलेच. आख्यान मात्र अब्राहामाचे, मोशेचे, नाहीतर योसेफाचे. भावांचा मत्सर, म्हाताऱ्या बापाचा शोक, दुष्काळ आणि धान्याची कोठारे! कोकणातल्या एकत्र कुटुंबाला यात समजावून सांगण्यासारखे काय आहे? पण रचनेचा पेच साधा नव्हे. आपल्या कीर्तनाचा जीव सगुणात. देवाचे रूप डोळ्यांपुढे उभे केल्यावाचून बुवांना रंग चढत नाही. ज्यू धर्मात तर मूर्तीच वर्ज्य. तेव्हा रूपवर्णन गाळून भक्तीचा सगळा भार कथेवर आणि गळ्यावर टाकावा लागला. माझ्या मते मराठी कीर्तनाची याहून कठीण परीक्षा क्वचितच झाली असेल, आणि त्यात ते उतरले.

मग आले मासिक. ‘दि इस्राएलाइट’ हे १९१७ ते १९२७ इंग्रजी व मराठी असे दोन भाषांत निघाले. संपादक डेव्हिड एरुळकर. त्यांच्या जोडीला रिबेका रूबेन. या बाई १९०५ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या, आणि १९२२ पासून किहीमकरांनी १८७५ साली काढलेल्या इस्राएली शाळेच्या मुख्याध्यापिका. (संपादकाने मुलांच्या वह्या तपासलेल्या असाव्यात, असे माझे जुने मत आहे.) १९२५ साली डॉ. जेरुशा झिराड यांनी मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन स्थापून उदारमतवादी उपासनेचा पाया घातला. तिची प्रेरणा लंडनची. माझी तक्रार आहे ती येथे. इंग्रजी पान सरकारला आणि परदेशच्या धर्मबंधूंना कळते. घरातल्या आजीला पटवायचे तर मराठी पानच हवे. कीर्तनकारांनी हे चाळीस वर्षे आधी ओळखले होते. सुधारकांना ते तितकेसे उमगलेले दिसत नाही.

निस्सीम इझिकेल हे त्याच समाजातले. त्यांनी इंग्रजीत काव्य केले, १९८३ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळवले. पण वृंदा नाबर यांच्यासह इंदिरा संतांच्या कविता त्यांनीच इंग्रजीत नेल्या. हे ऋण कोणी कोणाचे फेडले, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

१९४८ नंतर बहुतेक घरे इस्राएलला गेली. तिथे त्यांचे ज्यूपण पुरते मान्य व्हायला १९६४ उजाडले. मराठीपणाबद्दल मात्र त्यांना शंका नव्हती. तेथून त्यांनी ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक काढले. इकडे रोहा-अलिबागकडच्या एखाद्या माळ्यावर दिवाळीच्या साफसफाईत कीर्तनाची जुनी वही सापडली, तर ती रद्दीत घालण्यापूर्वी निदान एकदा मोठ्याने वाचून पाहावी.