दोन टोकांची साक्ष

खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ या टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत अमित दत्त यांच्या प्रयोगशाळेने ‘एचपीव्ही-डिटेक्टर’ हे संगणकीय साधन घडवलं. प्रतीक चंद्राणी आणि सहकाऱ्यांचा त्यावरचा शोधनिबंध २०१५ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये आला. ह्यूमन पॅपिलोमा विषाणू (एचपीव्ही) कर्करोगाच्या पेशीत आहे का आणि तिच्या गुणसूत्रात नेमका कुठे घुसला आहे, हे ते साधन हुडकतं. हा निबंध सावकाश, चवीने वाचावा.

पहिली खुबी मांडणीतच आहे. माणसाचा जनुकसंच सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा, या विषाणूचा जेमतेम आठ हजारांचा. संशोधकांनी विषाणूचे १४३ प्रकार आभासी गुणसूत्रं म्हणून मानवी गुणसूत्रांच्याच पंगतीला बसवले. गाठीतला प्रत्येक तुकडा मग एकाच वेळी दोन्हींशी ताडला जातो. किती साधं, आणि किती नेमकं!

आता एक तुकडा जवळून पाहा. डीएनएचा तुकडा दोन्ही टोकांकडून वाचला जातो. एक टोक सतराव्या गुणसूत्राशी जुळलं आणि दुसरं विषाणूशी, तर मधे कुठेतरी सांधा असणार. अशा जोड्या एकाच जागी साचल्या की संशय फिटतो. सांधा स्वतः वाचला गेला नसला, तरी त्याचा ठिकाणा हाती येतो. मला सगळ्यात भावली ती ही युक्ती.

सापडलेल्या सांध्यांत ठळक दिसलं ते विषाणूचं ई-७ जनुक: गुणसूत्रांवरच्या १७क्यू२१, ३क्यू२७ अशा माहीत असलेल्या जागी, आणि काही नव्या जागीही. ई-७ला महत्त्व का, तेही पाहण्याजोगं आहे. गुणसूत्रात शिरताना विषाणूचं वर्तुळ बहुधा ई-२ पाशी तुटतं. ई-६ आणि ई-७ यांना लगाम घालणारं जनुक तेच. लगाम सुटला की ई-७ पेशीविभाजन रोखणाऱ्या आरबी प्रथिनाला निकामी करतं.

११६ एक्झोमपैकी (म्हणजे जनुकांचे प्रथिनं घडवणारे डीएनए-भाग) २० आणि २३ ट्रान्सक्रिप्टोमपैकी (म्हणजे पेशीतला आरएनए) ४ नमुन्यांत विषाणू आढळला. एक्झोमची जाळी मानवी जनुकांसाठी विणलेली असते, तरी तिच्यात विषाणू अडकला, हे कौतुकाचंच. पण मला आरएनएच्या त्या चार नमुन्यांचं मोल अधिक वाटतं. डीएनए विषाणूचा मुक्काम सांगतो. त्याची जनुकं कामाला लागली आहेत, हे आरएनए सांगतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून आलेल्या हीला पेशींतली एचपीव्ही-१८ची जनुकं चालू असल्याचं हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने १९८५ साली दाखवलं, तेही आरएनएच्याच साक्षीने.