रुग्णशय्येपाशी सत्य : टॉलस्टॉयची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’

लिओ टॉलस्टॉय यांची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ ही दीर्घकथा १८८६ साली प्रसिद्ध झाली. मरणाचे चिंतन म्हणून ती वाचली जाते. वैद्यकीय नीतीच्या चर्चेतही तिचा उल्लेख होतो. तथापि तिच्यातील एक प्रसंग पाळकांनी व धर्मशिक्षकांनी विशेष बारकाईने वाचावा, असे आम्हांस वाटते.

कथानायक पंचेचाळीस वर्षांचा न्यायाधीश. नव्या घरात पडदे कसे लावावेत हे दाखविताना तो शिडीवरून घसरतो, कुशीला मार लागतो आणि पुढे त्याच बाजूस दुखणे सुरू होते. त्याला एकच विचारावयाचे असते : दुखणे जिवावरचे आहे की नाही? नामांकित डॉक्टरांना हा प्रश्नच अप्रस्तुत वाटतो. त्यांच्या लेखी वाद आहे तो मूत्रपिंड की आंत्रपुच्छ, एवढाच. आरोपीपुढे आपण जो चेहरा धारण करीत आलो, तोच डॉक्टर आपल्यापुढे धारण करीत आहेत, हे त्या न्यायाधीशास उमगते. पुढे आप्त व डॉक्टर मिळून ‘तो केवळ आजारी आहे, मरणोन्मुख नाही’ हे असत्य सांभाळीत राहतात आणि त्याला सर्वांत अधिक जाच होतो तो ह्या असत्याचाच. गेरासिम नावाचा तरुण खेडूत नोकर तेवढा खोटे बोलत नाही. धन्याला आराम वाटावा म्हणून तो त्याचे पाय आपल्या खांद्यांवर घेऊन बसून राहतो.

आता तो प्रसंग. पत्नीच्या सांगण्यावरून धर्मगुरू येतात, पापकबुली ऐकतात, प्रभुभोजन देतात. रुग्णास हायसे वाटते. पण त्याच्या मनात लगेच उभी राहते ती शस्त्रक्रियेने वाचण्याची आशा. पत्नी त्याचे अभिनंदन करते, बरे वाटते ना, असे विचारते. तो तिच्याकडे न पाहताच होकार देतो. पण मग तिच्या चेहऱ्यावर त्याला तेच असत्य दिसते. त्यानंतर तीन दिवस तो किंचाळत असतो. धर्मगुरूंच्या तोंडी टॉलस्टॉयने एकही वाक्य घातलेले नाही.

टॉलस्टॉय यांना १९०१ साली रशियन ऑर्थोडॉक्स चर्चने बहिष्कृत केले. सबब हे चित्र चर्चच्या विरोधकाचे म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. परंतु आमच्या वाचनाप्रमाणे येथे संस्कारालाच खोटे ठरविलेले नाही. त्याला असत्याच्या सेवेस जुंपले गेले, असे दाखविलेले आहे.

तरीही कथेत एक उणीव आहे. डॉक्टरांना तिने उपहासाचा विषय केले आणि सत्य एका नोकराच्या उपजत सरळपणावर सोपविले. त्यामुळे सत्य सांगणे हा स्वभावाचा गुण ठरतो, पदाचे कर्तव्य ठरत नाही. व्यवसायनीती भित्र्या डॉक्टरासही बंधनकारक असली पाहिजे. भारतीय डॉक्टरांसाठी २००२ साली केलेल्या आचारनियमांत, आजाराचे गांभीर्य वाढवून सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, असे म्हटले आहे. मात्र ही माहिती रुग्णास, नातलगांस किंवा जबाबदार स्नेह्यांस असावी, अशी त्या नियमाची रचना आहे. त्या ‘किंवा’मधून रुग्णच वगळला जाण्यास वाट मिळते.

अशा घरी पाळकास दारातच विनविले जाते : त्यांना काही सांगू नका, फक्त प्रार्थना करा. ह्या विनवणीमागे प्रेम असते, हे मान्यच आहे. शिवाय निदान सांगणे हे डॉक्टरांचे काम. पाळकाने ते आपल्याकडे घेऊ नये. सत्य रुग्णावर लादावयाचेही नसते; किती जाणून घ्यावे, हे त्यानेच ठरवावयाचे. परंतु त्याने विचारले असता खोटे न बोलणे, डॉक्टरांशी मोकळेपणी बोलण्याची त्याची इच्छा कुटुंबास कळविणे आणि प्रभुभोजन हे बरे होण्याच्या हमीसारखे न देणे, एवढे पाळकाच्या हाती निश्चित आहे.

सत्य कळल्यावर रुग्ण खचेल, ही भीती निराधार नाही. तिचे उत्तर शुश्रूषेत आहे. असाध्य कर्करुग्णांसाठी मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली सुरू झालेले शांती आवेदना सदन ह्याची साक्ष देते : बरे करणे संपले तरी वेदना शमविणे व सोबत करणे संपत नाही. गेरासिमने जे प्रेमाने केले, ते तेथे शिक्षित हातांनी होते. आपल्या मंडळीतील डॉक्टर व परिचारिका यांच्यासह ही कथा एकत्र वाचून, रुग्णाला कोणी, केव्हा व काय सांगावे, याची चर्चा सेवकांनी अवश्य करावी.