एका तारखेची छाननी

वर्षांतील प्रत्येक तारखेस घडलेले प्रसंग व थोरांचे जन्ममृत्यु एकाखालीं एक छापण्याची चाल आतां चांगलीच रुळली आहे. 'दिनविशेष' या टिपणांकडे संशोधक बहुधा उपेक्षेनें पाहतात. आम्हांस तें मान्य नाहीं. पुष्कळ वाचकांची इतिहासाशीं गांठ तेवढीच पडते. म्हणून तेथील चूक अधिक बाधते. भिवंडीनजीक मानकोली येथें अशाच एका टिपणाचा फलक आमच्या पाहण्यांत आला. तो २४ ऑक्टोबरचा होता, व त्याचा संबंध तेथल्याच खाडीशीं असल्यानें त्याची छाननी करणें आम्हांस अगत्याचें वाटलें.

या तारखेखालीं सामान्यतः पुढील नोंदी येतात: १६०१ त ज्योतिषी टायको ब्राहे याचा मृत्यु, १६४८ चा वेस्टफालियाचा तह, १६५७ त शिवाजीमहाराजांनीं घेतलेलें कल्याण-भिवंडी, १९२१ त व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचा जन्म, आणि १९४५ त अंमलांत आलेली संयुक्त राष्ट्रांची सनद. पंगत मोठी खरी. पण तींतील एक पाहुणा चुकीच्या पाटावर बसविला आहे.

कल्याण-भिवंडीचा दिवस शके १५७९ आश्विन वद्य १२, म्हणजे वसुबारस, असा देतात. त्याची इसवी तारीख २४ ऑक्टोबर ही जुन्या, ज्यूलियन पद्धतीची होय. ब्राहेचा मृत्यु व वेस्टफालियाचा तह यांच्या तारखा नव्या, ग्रेगरी पद्धतीच्या आहेत. त्या पद्धतीनें आमची वसुबारस ३ नोव्हेंबरला पडते. हा निव्वळ कागदी घोळ नव्हे. पोर्तुगालनें नवी पद्धति १५८२ तच स्वीकारली होती, इंग्लंडनें ती १७५२ त घेतली. म्हणून त्या दिवशीं सुरतेच्या वखारींतील इंग्रज २४ ऑक्टोबर लिही, तर खाडीपलीकडे ठाण्यास बसलेला पोर्तुगीज कारकून ३ नोव्हेंबर लिही. वार मात्र दोघांचाहि शनिवारच! शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखहि अशीच जुन्या पद्धतीची आहे. फाल्गुन वद्य ३ शके १५५१ ही मूळ तिथि जेधे शकावलीनें पुढें आणिली, तारीख मागाहून बसविलेली.

याहून गंभीर दोष दुसराच. याच दिवसास 'मराठा आरमाराचा स्थापनादिन' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. कल्याणची खाडी हाती आल्यावांचून गलबतें बांधणें शक्य नव्हतें, इतपत त्यांत तथ्य आहे. परंतु ठाणें घेणें व आरमार उभारणें ही कामें एका दिवसाचीं नव्हेत. लांकूड तोडावें, वाळवावें, सुतार व खलाशी मिळवावे, आणि मग तराफा नव्हे, लढाऊ तारूं पाण्यांत लोटावें! मानकोलीहून मोठागांवाकडे जाणाऱ्या नव्या पुलावर उभें राहून पाहावें, म्हणजे दुसरी अडचणहि कळेल. कल्याणहून निघालेलें तारूं याच पाण्यानें खालीं यावयाचें, आणि पुढें समुद्रास जाण्याच्या ठाणें व वसई या दोन्ही वाटा तेव्हां पोर्तुगीजांच्या नजरेखालीं होत्या. त्यामुळेंच त्यांच्या दफ्तरास या जहाजांची दखल घ्यावी लागली. गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराच्या १६५९ च्या ऑगस्टांतील पत्रांत भिवंडी, कल्याण व पनवेल येथें शहाजीच्या मुलानें लढाऊ जहाजें बांधविल्याचा उल्लेख आहे. वसुबारसेपासून तोंवर पावणेदोन वर्षें लोटलीं होतीं. त्या मधल्या खटपटीला एका तारखेच्या चौकटींत कोंबणें हा तिचा गौरव नव्हे.

फलक उतरवावा असें आम्ही म्हणत नाहीं. त्यावर तिथि आधीं लिहावी, तारखेपुढें 'जुनी पद्धति' हे दोन शब्द घालावे, आणि 'आरमाराची स्थापना' काढून 'कल्याण-भिवंडी घेतली' एवढेंच ठेवावें. जागा उरल्यास १६५९ चें तें पत्र नोंदवावें. भिवंडीचें नांव त्यांत कल्याणच्या आधीं आलें आहे, आणि फलकावर तें कोठेंच नाहीं.